कोळशाच्या स्मोकरची जोडणी

कोळशाचा स्मोकर हे लोणारी कोळशाच्या मंद आचेवर व लाकडाच्या धुरात मांस, मासे इत्यादी पदार्थ दीर्घकाळ शिजवण्याचे बंदिस्त उपकरण आहे. मराठीत त्यास सर्वमान्य प्रतिशब्द नसल्याने इंग्रजी नावच रूढ आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः टेक्सास, टेनेसी, मिसूरी, कॅन्सस आणि कॅरोलायना या राज्यांतील बार्बेक्यू परंपरेशी या उपकरणाचा निकटचा संबंध आहे. तेथे घरामागील अंगणात वापरावयाचे छोटे स्मोकर सुट्या भागांच्या स्वरूपात विकले जातात आणि ग्राहक ते स्वतः जोडतो.

ही जोडणी वरवर पाहता लोखंडी मांडणी किंवा सायकल जोडण्यासारखी वाटते. मात्र तिचा पदार्थाच्या शिजण्याशी थेट संबंध असतो. स्मोकरमध्ये आच कमी-अधिक करण्यासाठी गॅसच्या शेगडीसारखी कळ नसते. आत किती हवा जाते यावरच आच ठरते. त्यामुळे जोडणीत राहिलेली प्रत्येक फट ही बंद करता न येणारी झडप ठरते.

कार्यतत्त्व

स्मोकरमधील अन्नाभोवतीचे तापमान सामान्यतः १०७ ते १२१° सेल्सियस (२२५ ते २५०° फॅरनहाइट) इतके राखले जाते. उघड्या जाळीवरील भाजण्यात निखाऱ्यांची धग थेट पदार्थावर पडते. स्मोकरमध्ये निखारे आणि पदार्थ यांच्यामध्ये आडोसा असतो आणि उष्णता मुख्यतः गरम हवेतून पोहोचते. गाईच्या छातीचा भाग (ब्रिस्केट) किंवा डुकराचा खांदा यांसारख्या चिवट मांसातील कोलॅजेन या प्रथिनाचे जिलेटिनमध्ये रूपांतर होण्यास तास न् तास लागतात. म्हणूनच मोठा तुकडा शिजण्यास दहा-बारा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ जातो. इतका वेळ आच एकसारखी ठेवणे हे स्मोकरचे खरे काम असून धुराचा स्वाद हा त्या कामाचा एक भाग आहे.

एक किलोग्रॅम शुद्ध कार्बन पूर्णपणे जळण्यास सुमारे ११.५ किलोग्रॅम, म्हणजे साडेनऊ घनमीटरच्या आसपास हवा लागते. खालच्या झडपांतून येणारी हवा अपुरी असेल तर कोळसा कितीही भरलेला असला तरी आच वाढत नाही. याउलट दाराच्या कडेने हवा आत शिरत असेल तर खालच्या झडपा बंद करूनही आच उतरत नाही. तापलेली हवा हलकी होऊन वरच्या झडपेतून बाहेर पडते आणि तिच्या ओढीने खालून ताजी हवा आत खेचली जाते. धुराड्यातही हेच तत्त्व काम करते.

पार्श्वभूमी

बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरील टायनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला, असे सामान्यतः मानले जाते. धुरात मांस टिकवण्याच्या आणि शिजवण्याच्या पद्धती जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे वाढल्या. घरगुती उपकरणांच्या इतिहासात १९५२ हे वर्ष महत्त्वाचे आहे. शिकागो येथील वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रातील तरंगत्या खुणेसाठी (बोया) बनवलेल्या धातूच्या अर्धगोलांपासून झाकणाची गोल शेगडी तयार केली. याच कंपनीने १९८१ मध्ये ‘स्मोकी माउंटन’ हा उभा स्मोकर बाजारात आणला. बंदुकीच्या गोळीसारख्या आकारामुळे या प्रकाराला ‘बुलेट’ स्मोकर म्हणतात. जोडणीच्या दृष्टीने तोच सर्वांत नमुनेदार असल्याने पुढील वर्णन प्रामुख्याने त्याचे आहे.

याखेरीज टेक्सासमध्ये जाड पोलादी नळापासून बनवलेले, एका बाजूस अग्निकक्ष असलेले आडवे स्मोकर प्रचलित आहेत. जपानी चुलीवरून नाव पडलेला ‘कामाडो’ हा जाड सिरॅमिक भिंतींचा प्रकारही लोकप्रिय आहे. कामाडोमध्ये जोडण्यासारखे भाग थोडे असतात, परंतु वजन इतके असते की त्याचे भांडे स्टँडवर चढवण्यास दोन माणसे लागतात.

महाराष्ट्रात अशा यंत्राची परंपरा नाही. येथे धुराचा स्वाद शिजलेल्या पदार्थाला शेवटी दिला जातो. वांग्याच्या भरतात किंवा आमटीत ठेवलेल्या वाटीत पेटता निखारा घालून त्यावर तुपाची धार सोडतात व भांडे झाकतात. यास धुंगार किंवा धुरी देणे म्हणतात. त्यात धूर केवळ स्वाद देतो, पदार्थ शिजवत नाही.

सुटे भाग

उभ्या स्मोकरचे तीन मुख्य भाग एकमेकांवर बसतात. तळाशी तीन पायांचे कोळशाचे भांडे, मध्ये दोन्ही बाजूंनी उघडे नळकांडे आणि वर घुमटाकार झाकण. भांड्यात कोळशाची जाळी आणि तिच्यावर कोळसा एकत्र धरून ठेवणारे सच्छिद्र पत्र्याचे कडे असते. नळकांड्यात खालच्या बाजूस पाण्याचे पसरट पातेले आणि त्याच्या वर अन्न ठेवण्याच्या दोन जाळ्या बसतात. कोळसा किंवा लाकूड मध्येच घालता यावे म्हणून नळकांड्याला एक छोटे दार असते. झाकणावर एक झडप, मूठ आणि तापमापक असतो. भांड्याच्या बुडाखाली पायांना अडकवलेला उष्णतारोधक पत्रा खालील जमिनीचे रक्षण करतो.

प्रचलित आकार सुमारे ३७, ४७ आणि ५७ सेंटिमीटर व्यासाचे आहेत. मोठ्या आकारात मांस अधिक मावते, पण कोळसाही त्या प्रमाणात जास्त लागतो. चार-सहा माणसांच्या कुटुंबास मधला आकार पुरतो.

बहुतेक भाग पोलादाचे असून त्यांवर इनॅमलचा, म्हणजे काचेच्या भुकटीचा उच्च तापमानाला वितळवलेला मुलामा असतो. हा मुलामा उष्णता आणि गंज यांस उत्तम दाद देत असला तरी आघाताने त्याचा टवका उडतो आणि उघड्या पडलेल्या पोलादाला तेथूनच गंज धरतो. त्यामुळे भाग फरशीवर न मांडता खोक्याच्या पुठ्ठ्यावर किंवा जुन्या चादरीवर मांडण्याची पद्धत आहे.

जोडणी

जोडणीला साधा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर एवढी साधने पुरतात. सुरुवात खालच्या भांड्यापासून होते. भांडे उपडे ठेवून त्याला तीन पाय आणि उष्णतारोधक पत्रा बोल्टने जोडतात. येथे एकच नियम महत्त्वाचा असतो. सर्व बोल्ट आधी हाताने अर्धे फिरवून बसवायचे आणि शेवटचा बोल्ट बसल्यावरच पान्याने आवळायचे. पहिलाच बोल्ट घट्ट केला तर उरलेली भोके जुळत नाहीत आणि ती जुळवण्यासाठी केलेल्या ओढाताणीत पत्रा वाकतो. बोल्ट प्रमाणाबाहेर आवळल्यास भोकाभोवतीच्या इनॅमलला तडे जातात. चकती (वॉशर) योग्य बाजूस असणे त्यासाठीच आवश्यक असते.

नळकांड्याच्या आतील भिंतीवर जाळ्या व पातेले पेलणाऱ्या कंसाकृती पट्ट्या बसवाव्या लागतात. जोडणीतील सर्वांत नाजूक टप्पा हाच. पट्ट्या उलट्या बसल्या तर पातेले कोळशाला टेकते किंवा वरची जाळी झाकणात अडकते, आणि चूक बहुधा सगळे जोडून झाल्यावर लक्षात येते. बोल्टची गुळगुळीत बाजू कोठे ठेवायची हे पुस्तिकेतील आकृतीवरून ठरते. या आकृत्या अनेकदा शब्दांविना असतात, त्यामुळे प्रत्येक भाग आकृतीशेजारी धरून पाहण्यात गेलेला वेळ फुकट जात नाही. पट्ट्या बसल्यावर पातेले आणि दोन्ही जाळ्या ठेवून त्या आडव्या सपाट बसतात की नाही हे पाण्याच्या पातळीवरून सहज कळते. पातेल्यात दोन बोटे पाणी घातले की कलंडलेली बाजू दिसून येते.

नळकांडे पूर्ण गोल असणे ही पुढची कसोटी आहे. वाहतुकीत दाबले गेल्यास पातळ पत्र्याचे नळकांडे किंचित लंबगोल होते. ते भांड्यावर ठेवून हळूहळू फिरवले असता एखाद्या ठिकाणी अडत असेल किंवा एका बाजूस सैल डुलत असेल, तर दोन्ही हातांनी फुगलेल्या बाजूंवर बेताने दाब देऊन ते गोल करता येते. दाराच्या बाबतीतही असेच घडते. दाराचा पत्रा नळकांड्याच्या वक्रतेशी जुळत नसेल तर कोपऱ्यांत फट राहते. दार काढून, गुडघ्यावर टेकवून त्याला थोडा बाक देणे हा सर्वांत सोपा उपाय असतो. झाकणाची मूठ आणि तापमापक शेवटी बसवतात. तापमापकाचा नट हाताने घट्ट झाल्यावर पान्याने अगदी थोडाच फिरवायचा असतो.

हा तापमापक बहुधा द्विधातू पट्टीचा असतो आणि तो झाकणाखालचे तापमान दाखवतो, अन्नाजवळचे नव्हे. बसवण्यापूर्वी त्याचे टोक उकळत्या पाण्यात धरून पडताळणी करता येते. मात्र तेव्हा ठिकाणाची उंची विचारात घ्यावी लागते. समुद्रसपाटीला पाणी १००° सेल्सियसला उकळते, पुण्यात सुमारे ९८° ला आणि सुमारे १,६०० मीटर उंचीवरील डेन्व्हरमध्ये ९५° च्या आसपास. उंची लक्षात न घेता तापमापकाचा स्क्रू फिरवणारा ग्राहक बरोबर असलेला तापमापक बिघडवून ठेवतो.

गळतीची तपासणी

जोडलेला स्मोकर हवाबंद आहे की नाही हे पेटवल्याशिवाय समजत नाही. मूठभर कोळशावर लाकडाचा तुकडा टाकून वरची झडप काही क्षण बंद केली की धूर कोठून बाहेर पडतो ते दिसते. झाकण आणि नळकांडे यांच्या सांध्यातून थोडा धूर येणे स्वाभाविक आहे. दाराच्या कडेने धुराची जाड रेघ येत असेल तर मात्र ती फट दुरुस्त करणे योग्य. काही जण उष्णता सहन करणारी गॅस्केटची पट्टी चिकटवतात. ही घाई बहुधा अनावश्यक ठरते, कारण काही वापरांनंतर चरबी आणि काजळी यांचा थर जमून बारीक फटी आपोआप बुजतात.

खालच्या भागातील फट वरच्या भागातील फटीपेक्षा अधिक त्रासदायक असते. वरून धूर गेला तर थोडी उष्णता वाया जाते. खालून हवा शिरली तर आच हाताबाहेर जाते.

पहिली आच

नवीन स्मोकरमध्ये प्रथमच अन्न शिजवत नाहीत. कारखान्यातील तेल, धूळ आणि वेष्टनाचे अवशेष जाळून टाकण्यासाठी तो काही तास रिकामा तापवतात. उघड्या पोलादाच्या स्मोकरला आतून खाद्यतेलाचा पातळ हात देऊन तापवल्यास तेलाचा कडक थर तयार होतो आणि गंजाला प्रतिबंध होतो. लोखंडी तवा ‘तयार’ करण्याची कृती जिला ठाऊक आहे, त्या गृहिणीला यात नवे काही वाटणार नाही. इनॅमल केलेल्या स्मोकरला तेलाची गरज नसते. नव्या स्मोकरची चकचकीत आतील भिंत उष्णता परावर्तित करते आणि सांधेही अद्याप उघडे असतात, त्यामुळे पहिल्या काही वेळा आच अपेक्षेपेक्षा जास्त राहते, असा वापरकर्त्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. याच कारणासाठी पहिल्या प्रयोगात महागड्या ब्रिस्केटऐवजी डुकराचा खांदा किंवा कोंबडी निवडण्याचा सल्ला दिला जातो. डुकराच्या खांद्यात चरबी भरपूर असल्याने आचेतील चढउतार तो सहन करतो.

कोळसा पेटवण्यासाठी रॉकेल किंवा तत्सम द्रव वापरल्यास त्याचा वास बंदिस्त जागेत अन्नाला लागतो. त्याऐवजी तळाशी जाळी असलेल्या पत्र्याच्या उभ्या डब्यात (चिमणी स्टार्टर) कोळसा भरून खाली कागद पेटवतात. कडे न पेटलेल्या कोळशाने भरून त्यावर थोडे पेटते निखारे ओतण्याच्या रीतीला बार्बेक्यू स्पर्धांतील अमेरिकन स्पर्धक जिम मिनियन यांच्या नावावरून ‘मिनियन पद्धत’ म्हणतात. निखारे वरून खाली हळूहळू पसरत जात असल्याने एका भरण्यात अनेक तास आच टिकते. दगडी कोळसा या कामास सर्वथा वर्ज्य आहे; त्याच्या धुरातील गंधकाची संयुगे आणि डांबरी द्रव्ये अन्नात उतरतात.

तापमानाचे नियंत्रण

वरची झडप पूर्ण उघडी ठेवून खालच्या झडपांनी आच सांभाळणे हा प्रचलित नियम आहे. वरची झडप मिटली तर धूर आत कोंडतो आणि मांसावर कडवट, चिकट थर बसतो. दाट पांढरा धूर अर्धवट ज्वलनाचे लक्षण असून पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर इष्ट मानला जातो. आच वाढू लागली की ती इष्ट तापमानाच्या थोडी अलीकडे असतानाच झडपा मिटत आणाव्या लागतात, कारण पेटलेला कोळसा लगेच थंड होत नाही. झाकण वारंवार उघडणे हा नवशिक्यांचा सार्वत्रिक दोष. त्यामुळे उष्णता तर जातेच, शिवाय आत गेलेल्या हवेने निखारे फुलतात.

पातेल्यातील पाणी दोन कामे करते. ते निखाऱ्यांची थेट धग अडवते आणि १००° सेल्सियसपर्यंत तापून वाफ होताना मोठ्या प्रमाणात उष्णता शोषून घेते, त्यामुळे आचेतील चढउतार बोथट होतात. काही जण पाण्याऐवजी फॉइलने झाकलेली वाळू किंवा मातीची बशी ठेवतात. तिने धग अडते, पण वाफेमुळे मिळणारा आवर मिळत नाही.

मांसाचे आतील तापमान ६५ ते ७५° सेल्सियसच्या दरम्यान आले की कित्येकदा ते तासन् तास जागचे हलत नाही. मांसाच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन मिळणारी उष्णता खर्च करून टाकते, हे त्याचे कारण. माठातले पाणी याच तत्त्वाने गार राहते. जोडणीत काही चुकले असे समजून या टप्प्यावर झडपा उघडणारे अनेक असतात. दोष स्मोकरचा नसतो. मांस कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळल्यास बाष्पीभवन थांबून तापमान पुन्हा चढू लागते.

घरी बनवलेला ड्रम स्मोकर

तयार संचाऐवजी ५५ गॅलनच्या (सुमारे २०८ लिटर) पोलादी पिंपापासून स्मोकर बनवण्याची पद्धतही अमेरिकेत लोकप्रिय आहे. पिंपाच्या तळाजवळ हवेसाठी तीन-चार भोके पाडून त्यांना झडपा लावतात, आत कोळशाची टोपली ठेवतात आणि तिच्यापासून बरीच उंच अन्नाची जाळी बसवतात. खर्च कमी आणि आच सांभाळण्यास सोपी असली तरी पिंपाची निवड जोखमीची असते. रसायने, कीटकनाशके किंवा अज्ञात द्रव साठवलेले पिंप वापरणे धोकादायक आहे. खाद्यपदार्थांच्या पिंपांनाही आतून प्लास्टिकसदृश थर असू शकतो. तो प्रखर आगीत जाळून आणि घासून पूर्ण काढावा लागतो. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे, जाळ्या किंवा नट-बोल्ट आतील भागात वापरत नाहीत, कारण जास्त तापल्यास जस्ताचा घातक धूर निघू शकतो. स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट थोडे महाग पडतात, परंतु त्यांत काटकसर करणे शहाणपणाचे नाही.

सुरक्षा

जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड निर्माण करतो, आणि हवा जाणीवपूर्वक कमी ठेवलेल्या स्मोकरमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याची बांधणी ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक घट्ट असते. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही सुरुवातीची लक्षणे सहज दुर्लक्षिली जातात. म्हणून स्मोकर केवळ उघड्यावर चालवावा लागतो. गॅरेजचे दार उघडे ठेवणे, खिडकीशेजारी बसवणे किंवा पावसाच्या भीतीने बंदिस्त बाल्कनीत आणणे हे पर्याय सुरक्षित नाहीत. अमेरिकेत विक्रीच्या कोळशाच्या पिशव्यांवर या धोक्याचा इशारा छापणे बंधनकारक आहे. उत्तर भारतात कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांचे मृत्यू याच वायूने होतात.

आगीचा धोका जागेच्या निवडीशी निगडित असतो. स्मोकर सपाट, न जळणाऱ्या पृष्ठभागावर, लाकडी भिंत, छत आणि लोंबत्या फांद्या यांपासून दूर उभा करतात. लाकडी सज्ज्यावर ठेवणे टाळले जाते. तो तिन्ही पायांवर स्थिर उभा आहे याची खात्री पेटवण्यापूर्वीच करणे इष्ट, कारण पेटता स्मोकर हलवणे हे अपघातांचे एक प्रमुख कारण आहे.

अन्नसुरक्षेच्या दृष्टीने ४ ते ६०° सेल्सियस हा पट्टा जिवाणूंच्या वाढीस अनुकूल असतो. मंद आचेत मांस या पट्ट्यात रेंगाळू नये म्हणून स्मोकर आधी पुरता तापवून मगच मांस आत ठेवतात, आणि गोठलेले मांस थेट ठेवत नाहीत. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या शिफारशीनुसार कोंबडीचे आतील तापमान किमान ७४° सेल्सियस झाले पाहिजे. मांसाचा रंग येथे भरवशाचा नाही. धुरातील नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड मांसातील मायोग्लोबिनशी संयोग पावून पृष्ठभागाखाली गुलाबी कडी तयार करतात आणि पूर्ण शिजलेले मांसही कच्चे भासते. त्यासाठी टोकदार तापमापक हाच खात्रीचा उपाय आहे.

लाकडाच्या धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगेही असतात. स्वच्छ ज्वलन आणि निखाऱ्यांवर चरबी थेट न टपकणे यांनी त्यांचे प्रमाण घटते. नाहीसे होत नाही. रंगवलेले, रसायनांनी प्रक्रिया केलेले किंवा प्लायवूडचे तुकडे धुरासाठी वापरत नाहीत. चीडसारखे राळयुक्त लाकूडही वर्ज्य असते. हिकरी, ओक, सफरचंद आणि चेरी यांची सुकी लाकडे अमेरिकेत प्रचलित आहेत.

निगा

काम संपल्यावर सर्व झडपा बंद करून आग विझू दिली जाते. पाणी ओतल्यास वाफेने भाजण्याचा आणि इनॅमल तडकण्याचा संभव असतो. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारे एक दिवसाहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात, म्हणून राख झाकणाच्या धातूच्या डब्यातच काढली जाते. ओलसर राख आत राहिल्यास ती पत्रा खाते. पातेल्यातील पाण्यावर साचलेली चरबी थंड झाल्यावर काढून टाकतात; ती मोरीत ओतल्यास नळ तुंबतो. जाळ्या घासण्यासाठी तारेचा ब्रश वापरल्यास त्याची तुटलेली तार अन्नाबरोबर पोटात जाऊन इजा झाल्याची उदाहरणे अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली होती, त्यामुळे घासल्यानंतर जाळी ओल्या फडक्याने पुसली जाते. भिंतीवरील काळा, कोरडा थर मात्र खरवडून काढत नाहीत; केवळ सुटून लोंबणारे पापुद्रे अन्नावर पडू नयेत म्हणून झाडून टाकतात. तापण्या-निवण्याने नट-बोल्ट सैल होत असल्याने पहिल्या काही वापरांनंतर पाय आणि पट्ट्या पुन्हा एकदा आवळाव्या लागतात.